पेशी हेच औषध : उंदरांतील ल्यूपस आणि त्यावरील पेशी-उपचार

प्रस्तावना

सिस्टेमिक ल्यूपस एरिथेमाटोसस, ज्याला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही नुसते ‘ल्यूपस’ म्हणतात, हा कोणत्याही एका अवयवाचा आजार नाही. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातील द्रव्यांविरुद्ध, विशेषतः डीएनए आणि त्याच्या सान्निध्यातील प्रथिनांविरुद्ध, प्रतिपिंडे तयार करते. अशा प्रतिपिंडांना स्वप्रतिपिंडे म्हणतात; ती आपल्या लक्ष्याला चिकटली की जी संयुगे बनतात, ती मूत्रपिंडाच्या गाळणीत, त्वचेत, सांध्यांत साचतात आणि तेथे दाह निर्माण करतात. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि त्यांतील बहुतेकींना हा आजार शिक्षण, नोकरी व बाळंतपणाच्या ऐन वयात गाठतो. स्टेरॉइड, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सायक्लोफॉस्फामाइड, मायकोफेनोलेट या औषधांनी असंख्य रुग्णांचे आयुष्य वाढवले आहे, ही गोष्ट निर्विवाद आहे. परंतु ती आजार दाबून ठेवतात, मुळापासून काढत नाहीत, आणि त्यांतील काहींची किंमत ठिसूळ झालेली हाडे, वारंवारचे जंतुसंसर्ग किंवा गमावलेली जननक्षमता या रूपात रुग्णाला मोजावी लागते.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय या औषधांहून वेगळ्या जातीच्या उपचाराचा आहे. ज्या प्रतिकारयंत्रणेत बिघाड झाला, तिच्यातीलच काही पेशी बाहेर काढून, प्रयोगशाळेत वाढवून किंवा त्यांच्या जनुकांत बदल करून पुन्हा शरीरात सोडल्या, तर त्या बिघाड दुरुस्त करू शकतील का, हा त्यामागील प्रश्न आहे. गोळी पोटात गेल्यावर काही तासांत विघटित होते, तर पेशी जिवंत असते, विभागते, ऊतींत शिरते, काही वेळा वर्षभर टिकते. म्हणूनच तिची शक्ती मोठी आणि तिचे अनिष्ट परिणाम आवरणेही अवघड. हा प्रश्न माणसांपुढे येण्याआधी अनेक वर्षे उंदरांत विचारला गेला. उंदरांतील प्रयोग म्हणजे मानवी उपचारापूर्वीची एक औपचारिक पायरी, असा समज सर्वसाधारण वाचकांतच नव्हे, तर विज्ञानाच्या विद्यार्थ्यांतही आढळतो. या ग्रंथातील विवेचन त्या समजाला धरून नाही. कोणत्या वंशाचा उंदीर निवडला, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर पेशी दिल्या आणि नंतर नेमके काय मोजले, यांवर उत्तराचा अर्थ ठरतो; काही प्रश्नांची उत्तरे उंदरांनी डॉक्टरांच्या आधी आणि अधिक अचूक दिली, तर काही बाबतींत मानवी रुग्णांत जे घडले त्याची चाहूलही उंदरांत लागली नव्हती.

एखाद्या मानवी आजाराशी साम्य असणारा विकार ज्या प्राण्यात आपोआप होतो किंवा मुद्दाम घडवता येतो, त्याला त्या आजाराचे प्राणी-प्रतिमान म्हणतात. ल्यूपसचे पहिले महत्त्वाचे प्रतिमान न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात, ओटागो विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत सापडले, आणि ते ल्यूपसचा शोध घेताना सापडले नाही. मारियान बिएलशोव्स्की यांनी तेथे कर्करोग-संशोधनासाठी उंदरांचे वंश जोपासले होते. त्यांपैकी न्यूझीलंड ब्लॅक, म्हणजे एनझेडबी, या काळ्या उंदरांत स्वतःच्याच तांबड्या रक्तपेशी नष्ट करणारी प्रतिपिंडे तयार होऊन रक्तक्षय होतो, असे १९५९ मध्ये त्यांनी हेलियर आणि हाउई या सहकाऱ्यांसह नोंदवले. त्या काळी स्वतःच्या शरीराविरुद्ध आपोआप प्रतिपिंडे निर्माण होणे ही कल्पनाच पुष्कळांना पटत नव्हती, आणि येथे तर कोणतीही लस, कोणतेही इंजेक्शन न देता पिढ्यानपिढ्या तेच घडत होते. पुढे हेलियर आणि हाउई यांनी या काळ्या उंदरांचा न्यूझीलंड व्हाइट या पांढऱ्या वंशाशी संकर केला आणि त्यातून जन्मलेल्या पहिल्या पिढीत मूत्रपिंडाचा विकार होतो, तसेच मानवी ल्यूपसच्या निदानासाठी तेव्हा वापरली जाणारी ‘एलई पेशी’ची चाचणी सकारात्मक येते, असे १९६३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियातील मॅकफर्लेन बर्नेट यांना तर या उंदरांत आपल्या सिद्धान्ताचा पुरावाच दिसला. स्वतःविरुद्ध वळू शकणाऱ्या पेशींचे वंश शरीर एरवी दडपून टाकते आणि ते दडपण सैल पडले की आजार होतो, असे ते मांडत आले होते.

या संकरित उंदरांचे मोल त्यांच्या आजाराच्या स्वरूपात आहे. त्यांच्यात एकाच जनुकाचा दोष नसून अनेक जनुकांचा एकत्रित परिणाम दिसतो. माद्यांना आजार लवकर आणि तीव्र होतो, नरांना उशिरा. डीएनएविरुद्धची प्रतिपिंडे आधी दिसतात, मग मूत्रात प्रथिन उतरू लागते आणि मूत्रपिंड निकामी होऊन बहुतेक माद्या वर्षभराच्या आत मरतात. मानवी ल्यूपसशी इतके साम्य असलेला दुसरा वंश क्वचितच आहे. तरीही संशोधकांना घाई असते, आणि त्या घाईला एमआरएल-एलपीआर हा वंश सोयीचा पडला. अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात एडविन मर्फी आणि जॉन रॉथ्स यांनी तो विकसित केला. या उंदरांच्या लसीका ग्रंथी प्रचंड फुगतात आणि निम्म्या माद्या साधारण पाच महिन्यांतच दगावतात. १९९२ मध्ये जपानमधील शिगेकाझु नागाता यांच्या गटाने दाखवून दिले, की दोष फास नावाच्या रिसेप्टरच्या जनुकात आहे. काम संपलेल्या प्रतिकारपेशींना मरण्याचा आदेश ज्याच्याद्वारे पोहोचतो तो हा रिसेप्टर. तो नसल्याने नको असलेल्या पेशी साचत जातात. मानवी ल्यूपसच्या बहुसंख्य रुग्णांत असा दोष नसतो. म्हणून एमआरएल-एलपीआर उंदरांत यशस्वी ठरलेला उपचार न्यूझीलंडच्या संकरित उंदरांतही यशस्वी ठरतो का, हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबणे योग्य नाही. पुढील प्रकरणे वाचताना हा निकष वारंवार उपयोगी पडेल.

प्रतिपिंडे तयार करण्याच्या कामाची सुरुवात बी-पेशींपासून होते. लक्ष्य ओळखलेली बी-पेशी विभागते आणि तिच्या वंशातील काही पेशींचे प्लाझ्मा पेशींत, म्हणजे प्रतिपिंडांचा अखंड स्राव करणाऱ्या पेशींत, रूपांतर होते. त्यामुळे ल्यूपसमध्ये बी-पेशी दोषी असणार हे उघड वाटत असले, तरी त्या नेमक्या कशासाठी दोषी आहेत हे उंदरांतच स्पष्ट झाले. मार्क श्लोमचिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये बी-पेशीच नसलेले एमआरएल-एलपीआर उंदीर तयार केले, तेव्हा त्यांना मूत्रपिंडाचा विकार झाला नाही. पुढचे पाऊल अधिक विचारपूर्वक टाकलेले होते. १९९९ मध्ये याच गटाने असे उंदीर घडवले, की ज्यांच्यात बी-पेशी होत्या, पण त्या प्रतिपिंडे बाहेर सोडू शकत नव्हत्या. तरीही त्या उंदरांची मूत्रपिंडे दाहग्रस्त झाली. याचा अर्थ बी-पेशी केवळ प्रतिपिंडांचा उगम नसून प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशी या दुसऱ्या गटापुढे त्या प्रतिजन, म्हणजे ओळखण्याचे लक्ष्य, मांडतात आणि दाह भडकवतात. रक्तातील प्रतिपिंडे तेवढी गाळून काढली की काम संपले, ही आशा या एका प्रयोगाने मोडीत काढली.

मग बी-पेशी काढून टाकणे हा उपाय सरळ दिसत होता, आणि रिटुक्सिमॅब हे औषध उपलब्धही होते. बी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी२० या प्रथिनाला चिकटणारे हे प्रतिपिंड रक्ताच्या कर्करोगात परिणामकारक ठरले होते. ल्यूपसमध्ये मात्र त्याच्या दोन मोठ्या चाचण्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली ‘एक्सप्लोरर’ आणि २०१२ मधील ‘लूनार’, आपले मुख्य उद्दिष्ट गाठू शकल्या नाहीत. या अपयशानंतर बी-पेशींवरील विश्वासच डळमळला. परंतु उत्तराचा धागा उंदरांच्या प्रयोगांत त्याआधीच हाती आला होता. श्लोमचिक यांच्याच गटाने २००७ मध्ये मानवी सीडी२० असलेल्या एमआरएल-एलपीआर उंदरांना असेच प्रतिपिंड दिले, तेव्हा निरोगी उंदरांतील बी-पेशी सहज नाहीशा झाल्या, पण आजारी उंदरांतील बी-पेशी चिवटपणे टिकून राहिल्या. त्या घटवण्यासाठी मोठी मात्रा दीर्घकाळ द्यावी लागली. पुढील संशोधनाने त्याचे कारणही दाखवले : प्रतिपिंडाने खूण केलेली पेशी गिळण्याचे काम भक्षकपेशी करतात, आणि ल्यूपसमध्ये ही गिळण्याची क्रियाच मंदावते. थोडक्यात, औषधाचे लक्ष्य बरोबर होते, पण ते ज्या यंत्रणेच्या भरवशावर काम करते ती आजाराने दुबळी केली होती. रिटुक्सिमॅबच्या चाचण्यांचा अर्थ लावताना या निरीक्षणाला पुरेसे वजन मिळाले असते, तर त्यांतून काढलेले निष्कर्ष अधिक सावध झाले असते, असे म्हणण्यास जागा आहे.

स्वतः शिकार करणारी पेशीच पाठवली, तर भक्षकपेशींवरील हे अवलंबित्व संपते. कार-टी पेशी ही अशी पेशी आहे. टी-पेशी एरवी आपल्या जन्मजात रिसेप्टरने लक्ष्य ओळखते. तिच्यात कृत्रिम जनुक घालून असा संकरित रिसेप्टर बसवता येतो, की ज्याचे बाहेरचे टोक प्रतिपिंडासारखे लक्ष्याला धरते आणि आतले टोक टी-पेशीला मारण्याचा आदेश देते. ‘कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘कार’ हे नाव रूढ झाले. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत झेलिग एशार आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये असे रिसेप्टर बनवून दाखवले, आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने बी-पेशींच्या रक्तकर्करोगासाठी अशा पहिल्या उपचाराला मान्यता दिली. त्याचे लक्ष्य सीडी१९ होते. हे प्रथिन बी-पेशींच्या विकासाच्या फार सुरुवातीच्या अवस्थेपासून त्यांच्यावर असते आणि प्लाझ्मा पेशी होण्याच्या वाटेवरील तरुण पेशींवरही काही काळ टिकते.

कर्करोगातून ल्यूपसकडे हे शस्त्र वळवणारा प्रयोग अमेरिकेतील मेम्फिस येथे, टेनेसी विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान केंद्रात मार्को रॅडिक यांच्या गटाने केला आणि तो २०१९ मध्ये ‘सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. वर सांगितलेला निकष येथे पाळलेला दिसतो, कारण संशोधकांनी न्यूझीलंडचे संकरित उंदीर आणि फास-दोष असलेले एमआरएल उंदीर हे दोन्ही वंश वापरले. सीडी१९ वर रोखलेल्या कार-टी पेशींनी दोन्हींत बी-पेशी दीर्घकाळासाठी नाहीशा केल्या, स्वप्रतिपिंडांची निर्मिती थांबली, अवयवांतील आजाराची लक्षणे मागे हटली आणि उपचार न मिळालेल्या उंदरांच्या तुलनेत या उंदरांचे आयुष्य पुष्कळ वाढले. सोडलेल्या पेशी वर्षभर कार्यरत राहिल्या, आणि उंदराच्या हिशेबात वर्ष म्हणजे आयुष्याचा मोठा भाग. मात्र या शोधनिबंधातील सर्वांत महत्त्वाचा पुरावा आयुर्मानाच्या आलेखात नाही. उपचार झालेल्या उंदरांच्या प्लीहेतील टी-पेशी काढून त्या उपचार न झालेल्या आजारप्रवण उंदरांना दिल्या, तेव्हा त्यांच्यातही बी-पेशी घटल्या आणि आजार सौम्य झाला. आजारावर आलेले नियंत्रण खरोखर त्या पेशींमुळेच होते, उपचाराबरोबर घडलेल्या अन्य कशामुळे नव्हे, हे यातून सिद्ध झाले. असा पडताळा प्रत्येक पेशी-उपचाराच्या प्रयोगात असायला हवा, पण तो क्वचितच आढळतो.

यानंतर दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, जर्मनीतील एर्लांगेन येथे तीव्र ल्यूपस असलेल्या एका तरुण स्त्रीवर हा उपचार केल्याचा वृत्तान्त आला. २०२२ मध्ये त्याच केंद्रातील आन्द्रेआस माकेन्सेन, गेओर्ग शेट आणि सहकाऱ्यांनी पाच रुग्णांचे निष्कर्ष ‘नेचर मेडिसिन’मध्ये मांडले, आणि २०२४ मध्ये पंधरा रुग्णांचे, ज्यांत आठ ल्यूपसचे होते. पाचही रुग्णांचा आजार शमला आणि त्यांची ल्यूपसची औषधे बंद करता आली. येथे उंदीर आणि माणूस यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मेम्फिसच्या उंदरांत बी-पेशी परतल्याच नाहीत. एर्लांगेनच्या पाच रुग्णांत मात्र त्या सरासरी ११० दिवसांनी परतल्या, आणि तरीही त्या काळात आजार परतला नाही. परतलेल्या बी-पेशी कोऱ्या होत्या, म्हणजे कोणत्याही प्रतिजनाशी पूर्वी गाठ न पडलेल्या, जणू पाटी पुसून नव्याने लिहायला घेतलेल्या. उंदरांतील प्रयोगावरून बी-पेशी कायमच्या घालवल्या तरच आजार दूर राहतो, असा निष्कर्ष सहज निघाला असता, आणि तो रुग्णांसाठी निराशाजनक ठरला असता, कारण आयुष्यभर बी-पेशींविना जगणे म्हणजे संसर्गांच्या कायम छायेत जगणे. काही महिन्यांची सखोल सफाई पुरते, ही या विषयातील आजवरची सर्वांत मोलाची गोष्ट माणसांनी शिकवली.

तथापि सफाई किती सखोल, हा प्रश्न राहतोच. दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत दडून वर्षानुवर्षे प्रतिपिंडे सोडत राहतात आणि त्यांच्यातील बहुतेकींवर सीडी१९ नसते. बर्लिनमधील संशोधकांनी २००४ मध्ये न्यूझीलंडच्या संकरित उंदरांत दाखवले होते, की स्वप्रतिपिंडे सोडणाऱ्या पेशींत अल्पायुषी आणि दीर्घायुषी असे दोन्ही गट असतात आणि नेहमीची औषधे दुसऱ्या गटाला हात लावू शकत नाहीत. एर्लांगेनच्या रुग्णांत पूर्वीच्या लसींमुळे मिळालेली प्रतिपिंडे बव्हंशी टिकली, पण डीएनएविरुद्धची नाहीशी झाली; यावरून ल्यूपसची ही घातक प्रतिपिंडे मुख्यतः अल्पायुषी पेशींतून येत असावीत असे अनुमान निघते. ते प्रत्येक रुग्णाला आणि प्रत्येक स्वप्रतिपिंडाला लागू पडेल असे मानता येत नाही, आणि ग्रंथातील प्लाझ्मा पेशींवरील प्रकरण म्हणूनच विस्ताराने लिहिले आहे.

मारणाऱ्या पेशींबरोबर समजूत घालणाऱ्या पेशींचाही विचार करावा लागतो. प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या टी-पेशींच्या गटाला नियामक टी-पेशी म्हणतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये उंदरांत त्यांची ओळख पटवली, मेरी ब्रंकाउ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्या घडणीला आवश्यक असणारे फॉक्सपी३ हे जनुक शोधले, आणि या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ल्यूपसप्रवण उंदरांत इंटरल्यूकिन-२ या प्रथिनाची चणचण भासते, त्यावर जगणाऱ्या नियामक पेशी कमी पडतात आणि आक्रमक पेशींचे पारडे जड होते, असे बर्लिनमधील गटाने २०१० मध्ये दाखवले. त्याआधी २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी न्यूझीलंडच्या संकरित उंदरांना प्रयोगशाळेत वाढवलेल्या नियामक पेशी देऊन मूत्रपिंडाच्या विकाराची गती मंदावली होती. परिणाम खरा होता, पण कार-टीच्या तुलनेत मर्यादित, आणि त्याचे एक कारण उघड आहे : अशा मिश्र समूहातील फारच थोड्या पेशी ल्यूपसच्या प्रतिजनांना ओळखतात. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील गटाने २०२४ मध्ये हीच उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. ल्यूपसमध्ये लक्ष्य होणाऱ्या ‘स्मिथ’ या केंद्रकीय प्रतिजनाला ओळखणारा रिसेप्टर त्यांनी रुग्णांच्याच नियामक पेशींत बसवला, आणि मानवी पेशी वाढवलेल्या उंदरांत मूत्रपिंडाच्या विकाराची प्रगती रोखून दाखवली. सारी बी-पेशींची फौज नष्ट न करता फक्त चुकीच्या प्रतिक्रियेला शांत करणे, ही कल्पना तत्त्वतः अधिक सुंदर आणि रुग्णासाठी अधिक सौम्य आहे. मात्र तिला माणसांत स्वतःला सिद्ध करायचे आहे, आणि दाहाच्या वातावरणात नियामक पेशी आपला स्वभाव टिकवतील याची खात्री पटवायची आहे.

उंदरांच्या काही मर्यादा येथेच नोंदवणे इष्ट आहे. प्रयोगशाळेतील उंदीर जंतुविरहित म्हणावे इतक्या स्वच्छ पिंजऱ्यांत वाढतात, आणि २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार त्यांची प्रतिकारयंत्रणा प्रौढ माणसापेक्षा नवजात बालकासारखी असते. कार-टी उपचारानंतर माणसांत येणारे सायटोकाइनचे वादळ, म्हणजे दाहकारक प्रथिनांची अचानक उसळी, सामान्य उंदरांत सहसा दिसत नाही. ते अभ्यासण्यासाठी २०१८ मध्ये खास प्रतिमाने घडवावी लागली. शिवाय उंदराला दिलेल्या पेशी बहुधा त्याच वंशाच्या, जनुकीयदृष्ट्या एकरूप अशा दुसऱ्या उंदराच्या असतात, तर रुग्णाच्या पेशी अनेक वर्षे स्टेरॉइड आणि इतर औषधे सोसलेल्या असतात. या प्रयोगांत हजारो प्राण्यांचा जीव जातो, म्हणूनच कमकुवत आखणीचा प्रयोग ही केवळ वैज्ञानिक चूक राहत नाही.

महाराष्ट्रातील वाचकासाठी हा विषय दूरचा नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या ‘नेक्सकार१९’ या सीडी१९-लक्ष्यी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची परवानगी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. ती परवानगी बी-पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी आहे. परदेशातील उपचारांच्या तुलनेत त्याचा खर्च बराच कमी असला, तरी तो लाखांच्या घरात जातो. ज्या लक्ष्यावर मेम्फिस आणि एर्लांगेन येथे काम झाले तेच लक्ष्य ओळखणारी पेशी येथे बनते, त्यामुळे ल्यूपसच्या संदर्भात तिचा विचार होणे स्वाभाविक आहे. परंतु कर्करोगात जो धोका जीव वाचवण्यासाठी पत्करला जातो, तोच पंचविशीतील, मूल होण्याची इच्छा असलेल्या ल्यूपसच्या रुग्णापुढे ठेवताना हिशेब निराळा होतो : पेशी देण्यापूर्वी रुग्णाला फ्लूडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड दिले जाते, त्यांतील दुसरे औषध अंडाशयांना इजा करू शकते, आणि २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कार-टी उपचारांवर टी-पेशींच्या दुय्यम कर्करोगाचा इशारा छापण्यास सांगितले आहे. ही पूर्वतयारी किती सौम्य करता येईल, आणि ती टाळून शरीरातच टी-पेशींना तात्पुरता रिसेप्टर देता येईल का, या प्रश्नांची चर्चा ग्रंथाच्या शेवटच्या दोन प्रकरणांत केली आहे.